ई२० आणि जुनी इंजेक्शनवाली गाडी : मायलेजचं नंतर बघू, आधी पेट्रोल पाइप बघा

ऑगस्ट २०२५ मध्ये ई२० पेट्रोलवरून जो गदारोळ झाला, तो तुमच्याही फीडमध्ये आला असणारच. कुणी म्हणत होतं इंजिन बसणार, कुणी म्हणत होतं ही सगळी अफवा. पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला. १ सप्टेंबरला इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सुप्रीम कोर्टाने फेटाळली. आणि सगळी चर्चा मायलेजवर येऊन अडकली.

पण मंत्रालयाच्या त्या खुलाशात एक वाक्य होतं, ज्याचे स्क्रीनशॉट फारसे फिरले नाहीत. काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटर वापरानंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे काम स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जातं, असा त्याचा अर्थ. मला या वाक्याबद्दल बोलायचं आहे, कारण माझ्याकडे बाबांनी घेतलेली १९९९ सालची एमपीएफआय हॅचबॅक आहे आणि मध्यंतरी सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये तिच्याजवळ गेलं की पेट्रोलचा वास यायला लागला होता.

मेकॅनिक काकांनी गाडी वर घेतली. फिल्टरपासून पुढे जाणारा रबरी पाइप बोटाने दाबला तर मऊ, चिकट लागत होता आणि क्लिपजवळ घाम आल्यासारखा ओलसर होता. गळती म्हणावी असं थेंब थेंब काही नव्हतं. काका म्हणाले, “टाकून देतो दुसरा, दीडशे रुपयांत होईल.” मी पाइपवर काय छापलंय ते बघायला गेलो, तर काहीच छापलेलं नव्हतं. आधी कधीतरी कुणीतरी साधा कार्ब्युरेटरवाला पाइप बसवून दिला होता. नवा जो बसणार होता, तोही तसलाच.

इंजेक्शनची गाडी वेगळी का?

आपल्याकडे १९९८ ते २००० च्या आसपास छोट्या गाड्या झपाट्याने कार्ब्युरेटरवरून मल्टी पॉइंट इंजेक्शनवर आल्या. प्रदूषणाचे नियम कडक झाले, हे मुख्य कारण. कार्ब्युरेटरला पेट्रोल अगदी कमी प्रेशरने पोहोचवलं तरी चालतं, जेमतेम पाव बारच्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला इलेक्ट्रिक पंप साधारण अडीच ते साडेतीन बार प्रेशर देतो. ३ बार म्हणजे ४३ पीएसआय. तुम्ही टायरमध्ये ३०-३३ भरता, त्याहून जास्त!

म्हणजे कार्ब्युरेटरच्या गाडीत पाइपला चीर पडली तर पेट्रोल ठिबकतं. इंजेक्शनच्या गाडीत तीच चीर बारीक फवारा मारते, आणि शेजारी सायलेन्सरकडे जाणारा गरम पाइप असतो. त्यामुळे वास येतोय पण गळत नाहीये, तर बघू पुढच्या महिन्यात, असं करायची ही जागा नाही.

आता यात इथेनॉल येतं. जुन्या पेट्रोल पाइपचं आतलं रबर बहुतेक वेळा नायट्राइल असतं. शुद्ध पेट्रोलला ते चांगलं टिकतं. इथेनॉल मिसळलं की ते जास्त फुगतं, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त फुगणं शंभर टक्के इथेनॉलमध्ये होत नाही, तर मधल्या मिश्रणांत होतं. आपलं २० टक्के त्या पट्ट्यातच येतं. फुगताना रबरातले मऊपणा देणारे घटक पेट्रोलमध्ये निघून जातात. मग गाडी महिनाभर उभी राहिली, पाइप आतून सुकला की तोच पाइप आक्रसतो, कडक होतो, वाकवला की भेगा दिसतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे धातूच्या नळ्या आणि टाकीला गंज लागतो, तो त्रास वेगळाच.

म्हणूनच २० ते ३० हजार किलोमीटर हे माप मला जुन्या गाडीसाठी चुकीचं वाटतं. माझी गाडी वर्षाला जेमतेम ४ हजार किलोमीटर चालते. त्या हिशोबाने पाइप बदलायची वेळ पाच ते सात वर्षांनी येईल. पण रबर किलोमीटर मोजत नाही, ते पेट्रोलमध्ये किती दिवस भिजलं आणि किती वेळा सुकलं ते मोजतं. रोज चालणाऱ्या टॅक्सीपेक्षा रविवारी बाहेर निघणाऱ्या हौशी गाडीचा पाइप कमी किलोमीटरमध्ये संपू शकतो.

पाइपवरची ओळ वाचायला शिका

ऑनलाइन शोधलं तर ‘ई२० सेफ’, ‘इथेनॉल प्रूफ’ असं लिहिलेले पाइप भरपूर दिसतात. ते शब्द विकणाऱ्याचे असतात. खरी माहिती पाइपच्या अंगावर, लांबीभर छापलेल्या ओळीत असते. तिथे अमेरिकेच्या एसएई संस्थेचं जे३० हे मानक आणि त्यापुढे आर६, आर७, आर९, आर१० किंवा आर१४ असं लिहिलेलं असतं. फोटो झूम करून ती ओळ दिसत नसेल तर विक्रेत्याला चॅटवर तोच फोटो मागा. नाही दिला, तर पुढे चला.

आर६ आणि आर७ हे कमी प्रेशरचे. आर७ वर बऱ्याचदा ५० पीएसआय लिहिलेलं असतं, मग ४३ ला चालेल की, असं वाटतं. पण प्रेशर रेग्युलेटर अडकला किंवा रिटर्न लाइन चेपली तर पंप त्याच्या नेहमीच्या प्रेशरच्या कितीतरी वर जाऊ शकतो. शिवाय त्याचं आतलं रबर पुन्हा तेच, नायट्राइल प्रकारातलं.

आपल्याला हवा तो आर९. हा इंजेक्शनसाठीच बनवलेला आहे, १०० पीएसआयचा, आणि आतला थर फ्लुओरोइलास्टोमरचा, म्हणजे एफकेएमचा. व्हायटॉन हे नाव ऐकलं असेल, ते याच कुळातलं. पाइपच्या भिंतीतून किती इंधन पाझरू शकतं याची मर्यादा पाहिली की फरक लगेच कळतो: आर७ ला दिवसाला दर चौरस मीटरमागे ५५० ग्रॅम, आर९ ला फक्त १५. माझ्या पार्किंगमधल्या वासाचं उत्तर या दोन आकड्यांत होतं.

आर१४ हा पाझरण्याच्या बाबतीत आर७ च्या पुढचा आहे, पण नुसतं आर१४ बघून प्रेशर लाइनला लावू नका, त्यावर वर्किंग प्रेशर किती छापलंय ते वाचा. सिलिकॉनचे रंगीत पाइप दिसायला झकास असतात, ते पाण्यासाठी ठीक. पेट्रोल त्यातून आरपार जातं. स्टीलची जाळी असलेल्या पाइपचंही तसंच. आत पीटीएफई असेल तर उत्तम, पण आत साधं रबर असेल तर जाळी फक्त भेगा झाकायचं काम करते.

एक चूक मात्र चांगले मेकॅनिकही करतात. टाकीच्या आत पंपाला जोडलेला दोन-तीन इंचांचा तुकडा असतो. तिथे आर९ लावायचा नाही. आर९ आतून पेट्रोल सोसतो, बाहेरून नाही. त्याचं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी नसतंच. टाकीत आर१०च लागतो. तो महाग असतो आणि तुकड्यानेच मिळतो. घ्या गपचूप, कारण तिथला पाइप फाटला तर बाहेर काहीच दिसत नाही, गाडी फक्त दम लागल्यासारखी चालते आणि सगळे पंपाला दोष देत बसतात.

बाकीच्या गोष्टी पटकन. रिटर्न लाइनला प्रेशर कमी असतं, पण पेट्रोल तेच, तिथेही आर९च टाका. माप आतल्या व्यासाचं घ्या. ८ मिलिमीटर आणि ५/१६ इंच जवळजवळ एकच. सैल पाइप क्लिप आवळून बसवू नका. खाचा असलेली नेहमीची क्लिप रबर कापते, त्याऐवजी गुळगुळीत पट्टीची, बोल्टने आवळायची इंजेक्शन क्लिप घ्या. इंजेक्टरचे ओ रिंगही त्याच वेळी एफकेएमचे टाकून घ्या. आणि पाइप काढण्याआधी पंपाचा फ्यूज काढून, इंजिन बंद पडेपर्यंत चालवून प्रेशर उतरवायचं, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. हे कधी केलं नसेल तर यूट्यूब बघून सुरुवात करू नका, गॅरेजमध्येच करा. कार्ब्युरेटरची बाइक असेल तर आर९ च्या प्रेशरची गरज नाही, पण इथेनॉल सोसणारा पाइप तिलाही लागतो.

आता खर्च. साध्या पाइपपेक्षा आर९ कितीतरी पट महाग पडतो आणि बऱ्याच दुकानांत काउंटरवर मिळतही नाही. माझा तक्रारीचा मुद्दा किमतीचा नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या डिझाइनच्या, ई१० वर चालणाऱ्या चारचाकींचं मायलेज ई२० मुळे ६-७ टक्क्यांनी घटेल असं लिहिलं होतं, तेव्हा जुन्या गाड्यांचा प्रश्न तेव्हापासून कागदावर होता. २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते आपण २०२५ मध्येच गाठलं. ऊस आणि मक्याच्या शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, तेलाची आयात कमी होते, हे मी नाकारत नाही. पण रबरी भाग बदला म्हणताना कोणत्या मॉडेलचे कोणते भाग, कोणत्या दर्जाचे, याची साधी यादी वेबसाइटवर टाकायला काय हरकत होती? कंपन्यांनी आपल्या बंद झालेल्या मॉडेलसाठी ती द्यावी, असं सरकार सांगू शकतं. ती यादी नसल्यामुळे ‘स्वस्त, सहज’ काम म्हणजे दीडशे रुपयांचा, अंगावर काहीही न छापलेला पाइप, असा अर्थ गॅरेजमध्ये लागतो. त्यात काकांचा दोष नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही.

शेवटी मी आर९ मागवला, काकांनीच बसवला, आणि उरलेला तुकडा छापील ओळ वाचून बघून स्वतःकडे ठेवून घेतला. म्हणाले, पुढच्या गाडीला दाखवायला होईल. पार्किंगमधला वास गेला. टाकीतला तुकडा अजून जुनाच आहे; टाकी रिकामी होत आली की तो बदलायचा. तोपर्यंत गाडी लांब नेत नाही. नव्या पाइपचा, त्यावरच्या ओळीचा आणि ओडोमीटरचा फोटो तारखेसह फोनमध्ये ठेवलाय, आणि दर सहा महिन्यांनी पाइप हाताने दाबून बघायचा रिमाइंडर लावलाय.