ग्राफिक्स कार्डाची खरेदी : नवे घ्यावे की जुने?

ऑक्टोबर २०२५ या एकाच महिन्यात संगणकावर गेम खेळणाऱ्या मोठ्या वर्गाचे दोन जुने आधार सुटले. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला. दुसरीकडे एनव्हिडिया कंपनीने जीटीएक्स ९०० आणि जीटीएक्स १००० मालिकांतील ग्राफिक्स कार्डांना नव्या गेमसाठी ड्रायव्हर देण्याची मुदत याच महिन्यापर्यंत ठेवली होती. या कार्डांना आता केवळ सुरक्षेपुरती दुरुस्ती मिळणार असून तीही ऑक्टोबर २०२८ पर्यंतच.

मोठ्या शहरांतील हौशी ग्राहकाने ही कार्डे केव्हाच बदलली आहेत. मात्र बदललेले कार्ड नाहीसे होत नाही. ते विकले जाते आणि कमी पैशांत संगणक उभा करू पाहणाऱ्याच्या घरी पोहोचते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा नागपूरची सीताबर्डी, बाजारातील जुन्या मालाचा ओघ तालुक्यांकडेच वळतो. म्हणूनच नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या कुहीसारख्या गावातील तरुणापुढे ‘जुने घ्यावे की नवे’ हा प्रश्न अधिक टोकदारपणे उभा राहतो. येथे निवड चुकली, तर माल बदलून घेण्यासाठी प्रत्येक वेळी नागपूर गाठण्यावाचून गत्यंतर नसते.

या निवडीत पणाला लागणारी रक्कम लहान नाही. मध्यम दर्जाच्या नव्या कार्डाची अमेरिकेतील जाहीर किंमत २९९ डॉलर आहे. डॉलरला ९० रुपये या दराने आणि १८ टक्के जीएसटी धरून हिशेब केल्यास ही रक्कम सुमारे ३१,७५० रुपये होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजेच एका कार्डासाठी जवळपास ४ क्विंटल कापूस मोजावा लागतो. ज्या घराचा वर्षाचा ताळेबंद हंगामावर अवलंबून आहे, तेथे ही खरेदी पाच-सहा वर्षे पुरावी अशीच अपेक्षा असते.

आकड्यांतील तुलना

तीन पिढ्यांतील कार्डे शेजारी ठेवल्यास चित्र बरेच स्पष्ट होते. जुलै २०१६ मध्ये आलेल्या जीटीएक्स १०६० या कार्डात १,२८० गणनघटक, ६ जीबी मेमरी आणि १२० वॉट वीजवापर होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०६० मध्ये ३,५८४ गणनघटक, १२ जीबी मेमरी आणि १७० वॉट वीजवापर आहे. जून २०२३ मधील आरटीएक्स ४०६० मध्ये गणनघटक ३,०७२, मेमरी ८ जीबी आणि वीजवापर ११५ वॉट आहे.

१०६० आणि ४०६० यांची तुलना वादातीत आहे. जवळपास तेवढीच वीज घेऊन नवे कार्ड दुपटीहून अधिक काम करते. सात वर्षांतील प्रगती म्हणतात ती हीच. खरा पेच आहे तो ३०६० आणि ४०६० यांच्यात. नव्या कार्डात गणनघटक कमी, मेमरी कमी आणि मेमरीपर्यंत जाणारा मार्गही अरुंद. तरीही नेहमीच्या १०८० पिक्सेलच्या पडद्यावर त्याचा वेग सरासरी सुमारे एक पंचमांशाने अधिक आहे.

हे कसे घडते, ते समजून घेणे आवश्यक आहे. कुही तालुक्यातून जाणारा नागपूर-नागभीड नॅरोगेज मार्ग २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद करण्यात आला. मार्ग रुंद असेल तर एका वेळी अधिक माल जातो, हे त्यामागील साधे तत्त्व होय. ३०६० चा मेमरीमार्ग १९२ बिटचा असून त्यातून सेकंदाला ३६० गिगाबाइट माहिती वाहते. ४०६० मध्ये तो १२८ बिटचा झाला आणि वहन २७२ गिगाबाइटवर आले. त्याची भरपाई कंपनीने दोन प्रकारे केली. चिपवरच असलेला कॅश हा साठा ३ मेगाबाइटवरून २४ मेगाबाइटपर्यंत वाढवला आणि गणनघटकांची गतीही बरीच वाढवली. रोज लागणारा माल दुकानातच ठेवला, तर गोदामाच्या फेऱ्या कमी होतात, त्यातलाच हा प्रकार. माल दुकानात मावेनासा झाला की मात्र अरुंद रस्त्याची अडचण जाणवू लागते.

आठ जीबीचा प्रश्न

ही अडचण कल्पनेतील नाही. मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला भाग संगणकावर आला, तेव्हा चित्राची प्रत उच्च ठेवल्यास ८ जीबी मेमरीची कार्डे अडखळत असल्याच्या तक्रारी झाल्या. त्यानंतरच्या अनेक मोठ्या गेममध्येही हाच अनुभव आला. अशा वेळी सरासरी वेगाचा आकडा चांगला दिसतो. परंतु मध्येच चित्र थबकते आणि खेळाचा रसभंग होतो. १२ जीबीचे जुने कार्ड तेथे संथ, पण सुरळीत चालते.

येथे आणखी एक बाब जाहिरातीत ठळकपणे सांगितली जात नाही. ४०६० हे कार्ड मदरबोर्डवरील १६ पदरी जोडणीपैकी केवळ ८ पदर वापरते. मदरबोर्ड नवा असेल तर फरक पडत नाही. मात्र इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचे किंवा एएमडीच्या बी-४५० प्रकारचे मदरबोर्ड तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीवर चालतात आणि तेथे प्रत्येक पदराचा वेग निम्मा असतो. कार्डाची मेमरी भरल्यावर माहिती याच वाटेने ये-जा करते. परिणामी नवे कार्ड जुन्या संगणकात बसवल्यास त्याचा दोष अधिक उठून दिसतो. नेमका हाच ग्राहक, म्हणजे संगणक जुना ठेवून केवळ कार्ड बदलू पाहणारा, तालुक्याच्या गावांत अधिक असतो.

मे २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० ने वहन ४४८ गिगाबाइटपर्यंत नेले. वीजवापर १४५ वॉट झाला. मेमरी मात्र ८ जीबीच राहिली. इंटेलने डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला १२ जीबीचे आर्क बी-५८० बाजारात आणून याच उणिवेवर बोट ठेवले. परंतु ‘रीसायझेबल बार’ ही सोय नसलेल्या जुन्या मदरबोर्डवर ते कार्ड आपली शक्ती दाखवू शकत नाही. म्हणजे स्वस्त पर्यायाची दारेही जुन्या संगणकाला अर्धवटच उघडी आहेत.

वाढवून दाखवलेले आकडे

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे आधीच्या पिढीतील सर्वांत महागड्या ४०९० च्या बरोबरीचे असल्याचा दावा केला होता. हा दावा ‘फ्रेम जनरेशन’ या तंत्रावर उभा होता. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये कार्ड स्वतःच्या अंदाजाने चित्रे तयार करून घालते. त्यामुळे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या वाढते. परंतु माउस हलवल्यानंतर गेमने प्रतिसाद देण्याचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. मुळातला वेग चांगला असेल तर हे तंत्र उपयुक्त आहे. मुळातच वेग कमी असेल तर त्याने दिलासा मिळत नाही. दोन पिढ्यांची तुलना करताना हे तंत्र बंद ठेवून घेतलेले आकडेच विचारात घेणे इष्ट होय.

नावांचाही असाच घोळ आहे. जीटीएक्स १०६० चा ३ जीबीचा एक प्रकार होता; त्यात मेमरीबरोबर गणनघटकही कमी करून १,१५२ ठेवले होते. २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ३०६० या नावानेच ८ जीबीचे कार्ड आले. त्याचा मेमरीमार्ग १२८ बिटचा आणि वहन २४० गिगाबाइट होते. खोक्यावरील नाव तेच, माल मात्र वेगळा. ‘३०६० स्वस्तात मिळाले’ असे समाधान मानण्यापूर्वी ते कोणते, हे पाहिलेच पाहिजे.

कोणता गेम खेळायचा?

सर्वच गेमना नवे कार्ड लागते, हा समजही तपासून पाहावा लागेल. स्पर्धांतून खेळला जाणारा ‘व्हॅलोरंट’ हा गेम जीटीएक्स १०५० टीआयसारख्या कार्डावरही सेकंदाला १४४ चित्रांच्या वेगाने चालावा, अशीच त्याच्या निर्मात्यांची शिफारस राहिली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा प्रकारात अधिकृत स्थान दिले. त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्याला महागड्या कार्डापेक्षा वेगवान पडदा आणि स्थिर इंटरनेट यांची गरज अधिक आहे.

याउलट, डिसेंबर २०२४ मधील ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधील ‘डूम : द डार्क एजेस’ या गेमना किरणमार्गाने प्रकाश दाखवण्याची सोय असलेली चिपच लागते. जीटीएक्स १०६० वर हे गेम खेळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पुढील काळात असे गेम वाढतच जाणार. जुन्या कार्डाचा वेग एकाएकी कमी झालेला नाही. त्याच्यासाठी उघडी असलेली दारे मात्र कमी होत आहेत.

जुन्या मालाची परीक्षा

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचे ‘मायनिंग’ करणे थांबले. तोवर दिवसरात्र राबलेली असंख्य कार्डे जगभरच्या बाजारात आली. ३०६० त्यांत होतेच. मायनिंगमध्ये वापरलेले प्रत्येक कार्ड निकामी असते असे नाही. तथापि पंखे झिजणे, चिपवरील थर्मल पेस्ट वाळणे आणि मेमरी सतत तापलेली राहणे हे धोके असतात.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा हवेत तापमानाची मर्यादा गाठताच कार्ड आपला वेग आपणहून कमी करते. म्हणूनच जुने कार्ड घेताना किमान अर्धा तास त्यावर पूर्ण ताण देऊन पाहावे. ‘जीपीयू-झी’ हे मोफत सॉफ्टवेअर मेमरीचा आकार व मार्गाची रुंदी दाखवते आणि नाव बदलून विकलेले अनेक बनावट नमुनेही ओळखते. कार्डांवर साधारणतः ३ वर्षांची हमी असते. २०२१ मध्ये विकलेल्या मालाची हमी केव्हाच संपली आहे.

बिलाचे महत्त्व यासाठीच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. कुहीच्या ग्राहकाला मुंबईच्या विक्रेत्याविरुद्ध मुंबईत जावे लागत नाही. मात्र ही तक्रार व्यापाऱ्याविरुद्ध असते. एखाद्याने घरचे वापरलेले कार्ड बिलाविना विकले, तर हा आधार व्यवहारात हाती राहत नाही.

विजेचा हिशेबही मांडता येतो. ३०६० आणि ४०६० यांच्या वीजवापरात ५५ वॉटचा फरक आहे. रोज ४ तास पूर्ण ताणाने खेळल्यास वर्षाला सुमारे ८० युनिट जादा लागतात. युनिटला १० रुपये धरल्यास हा खर्च ८०० रुपयांच्या घरात जातो. रक्कम मोठी नाही. पण वीज जाताच ६०० व्हीएच्या लहान यूपीएसवर संगणक तग धरतो की बंद पडतो, हे या ५५ वॉटवरही ठरू शकते. दोन्ही कार्डांसाठी ५५० वॉटच्या एसएमपीएसची शिफारस आहे. कॅबिनेटबरोबर आलेल्या हलक्या एसएमपीएसवर कोणतेही कार्ड चालवणे म्हणजे संपूर्ण संगणक धोक्यात घालणे होय.

या साऱ्याचा निष्कर्ष काढायचा झाल्यास, जीटीएक्स १००० मालिकेवर आता नव्याने पैसे खर्च करणे शहाणपणाचे नाही. ज्याच्याकडे ते आहे आणि जो स्पर्धात्मक गेमच खेळतो, त्याने ते निर्धास्तपणे वापरावे. संगणक जुना असेल आणि बिलासह, तपासलेले १२ जीबीचे ३०६० नव्या कार्डाच्या निम्म्या किमतीच्या आसपास मिळत असेल, तर तो सौदा वाजवी ठरतो. किंमत जसजशी नव्याच्या जवळ जाईल, तसतसे हमी, कमी उष्णता आणि पुढील अनेक वर्षांचे ड्रायव्हर यांचे पारडे जड होते. तेथे नवेच घ्यावे. मात्र चित्राची प्रत थोडी उतरवून खेळण्याची तयारी ठेवावी.

२०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची मागणी वाढवली आणि त्यांचे भाव चढले. डिसेंबरमध्ये मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशियल’ या नावाने चालणारी ग्राहकविक्री बंद करण्याचे जाहीर केले. अधिक मेमरीचे कार्ड लवकरच स्वस्त होईल, या आशेवर थांबण्याला त्यामुळे फारसा आधार उरलेला नाही. आणि शहरातील वाचक आपले जुने कार्ड विकायला काढत असेल, तर त्याने मूळ बिल सोबत द्यावे आणि कार्ड कसे वापरले ते खरे सांगावे. कुहीतील खरेदीदाराचे ४ क्विंटल कापसाचे पैसे वाया न जाण्यात त्याचाही वाटा असतो.