खापरांची उपेक्षा

१/ ‘पुरातत्त्व’ हा शब्द उच्चारताच अमळनेरच्या शाळकरी मुलापुढेही तुतनखामेनचा सोन्याचा मुखवटा उभा राहतो. तापी-गिरणेच्या काठची पांढरीची टेकाडे मात्र त्याला मातीचे ढीग वाटतात. दोष मुलाचा नाही. उत्खनन म्हणजे खजिन्याचा शोध, असे त्याच्या मनावर ठसवणाऱ्यांचा आहे.

२/ इजिप्तच्या उत्खननाला शास्त्राची शिस्त लावणारा फ्लिंडर्स पेट्री १८८० साली तेथे गेला, तो गिझाचे पिरॅमिड मोजण्यासाठी. कधीही शाळेत न गेलेला हा माणूस १८९२ मध्ये लंडनला इजिप्तविद्येचा प्राध्यापक झाला.

३/ इतरांनी फेकलेली खापरे त्याने जपली. सुमारे ९०० थडग्यांतील मडक्यांचे प्रकार कागदी पट्ट्यांवर नोंदवून, त्या पट्ट्या मागेपुढे सरकवत त्याने फॅरोपूर्व इजिप्तचा कालक्रम लावला. पेट्रीच्या वंशविषयक कल्पना त्याज्यच आहेत. ही पद्धत मात्र टिकली.

४/ १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर शोधणारा हॉवर्ड कार्टरही १८९२ साली अमार्ना येथे याच पेट्रीच्या हाताखाली उत्खनन शिकला होता. मुखवट्याचे भक्त हे सोयीस्करपणे विसरतात.

५/ आता खानदेशाकडे पाहावे. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगापासून मध्ययुगाच्या आरंभापर्यंतचे चार कालखंड तेथे उलगडले. गिरणाकाठी बहाळला म. न. देशपांडे यांनी असेच काम केले. तापीकाठच्या सावळदा गावाचे नाव तर एका संपूर्ण संस्कृतीला मिळाले, तेही तिच्या खापरांमुळे!

६/ ‘खापरे पाहायला कोण येणार?’ असा प्रश्न केला जातो. इतिहासाची किंमत तिकीटखिडकीवर ठरत नाही. सोन्यावरून राजाचे वैभव कळते. सामान्य घर काय रांधत होते, कोणाशी देवघेव करत होते, हे मडकेच सांगते.

७/ इजिप्तमध्ये जुन्या वस्त्यांची माती ‘सबाख’ म्हणून खतासाठी खणली जाई. १८८७ साली अमार्नाची मृत्तिकापत्रे अशाच खणण्यात सापडली. काही फुटली, उरलेली विखुरली. महाराष्ट्रातही पांढरीची माती घरांसाठी आणि शेतांसाठी उकरली गेली आहे. त्याबद्दल शेतकऱ्याला बोल लावणे अन्याय्य आहे. त्या मातीचे मोल त्याला कोणी सांगितलेच नाही.

८/ ते सांगणे हे इतिहासप्रेमी तरुणांचे काम आहे. टेकाडावरचे खापर खिशात घालून त्याची चित्रफीत मिरवणे म्हणजे इतिहासप्रेम नव्हे. ते जागीच ठेवावे, छायाचित्र घ्यावे, ठिकाण टिपावे आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. थरातून उपटलेल्या खापराला आपला काळ सांगता येत नाही.