स्क्रू फिरवण्याआधी

आपल्या महाविद्यालयात शेतकऱ्यांची मुले आहेत, तशी ट्रकवाल्यांचीही आहेत. मी त्यांपैकीच एक. गेल्या हंगामात माझे काका कलबुर्गीहून तूर भरून हुमनाबादमार्गे हैदराबादला निघाले. गाडी जुनी, मेकॅनिकल पंपाची, पण टर्बोची. चढ आला की ती ओढेना. आणि नवल असे की धूरही नाही!

वाटेत एका मिस्त्रीने पंपाचा डिझेल वाढवण्याचा स्क्रू फिरवला. गाडी चालली, पण काळा धूर ओकीत. पुढे दुसऱ्या गॅरेजात खरा दोष सापडला: एक बारीक नळी तडकली होती. ती बदलली, स्क्रू मात्र कोणी मागे घेतला नाही. महिन्याभरात पिस्टन वितळला आणि हंगामाची कमाई इंजिनात गेली.

ही नळी इनटेक मॅनिफोल्डमधून पंपाच्या डायफ्रामकडे जाते. टर्बोचा दाब तिच्यातून पंपाला कळतो आणि पंप त्या मानाने डिझेल वाढवतो. नळी तडकली की हवा भरपूर, डिझेल अपुरे. ती दुरुस्त झाल्यावर पंप पुन्हा डिझेल वाढवू लागला. त्यात स्क्रूने वाढवलेले डिझेल मिळाले.

१ किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. डिझेल इंजिन त्याहून जास्तच हवा घेते. पेट्रोलच्या टर्बो इंजिनात भार असताना इंधन कमी पडले तर ठोके बसून पिस्टन जळू शकतो. डिझेलचे उलटे आहे: इंधन कमी पडले तर ताकद जाते, जास्त झाले तर इंजिन तापते. म्हणून आधी धुराला विचारावे. ओढ नाही व काळा धूर आहे, तर एअर फिल्टर आणि टर्बोचा होज पाईप पाहावा. ओढ नाही व धूरही नाही, तर डिझेल फिल्टर, लाईनमध्ये शिरलेली हवा आणि ही बारीक नळी पाहावी. स्क्रूला हात सर्वांत शेवटी.

कोणी म्हणेल, २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, आता संगणकच दोष सांगतो. पण तो कोड दाखवतो. कारण माणसालाच शोधावे लागते.

मला दोष मिस्त्रीला द्यायचा नाही. त्याच्या हातात कसब आहे. आमच्या वहीत समीकरण आहे. दोघांची गाठच पडत नाही, हे दुखणे आहे. मी स्वतः ज्वलनाचे समीकरण परीक्षेत बिनचूक लिहिले होते. काकांच्या गाडीपाशी मात्र मुका उभा राहिलो.

प्राध्यापकांना माझी विनंती आहे: वर्षातून एक तास गॅरेजात घ्यावा. तेथे शिकलेले एका कागदावर लिहून आपल्या अंकाच्या मराठी आणि कन्नड, दोन्ही विभागांत छापावे. इंजिनाला भाषेचे बंधन नाही. ते समजून घेण्याची गरज मात्र दोन्ही भाषांतल्या घरांना आहे.