पंधरवड्यातल्या दोन तारखा

संक्रांतीचा तिळगूळ वाटून होतो न होतो, तोच मराठी भाषा संवर्धनाचा पंधरवडा आपल्या दारी उभा राहतो. १४ ते २८ जानेवारी. जळगाव-धुळ्याकडे हे दिवस तसे भरताचे. शेताच्या बांधावर पऱ्हाटीच्या जाळात वांगी धुमसत असतात, आणि भाषेची भाषणे तेवढी गावात, सभागृहात होतात. या गडबडीत दोन तारखा मात्र आपल्या नजरेतून निसटतात. १५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी विकिपीडिया सुरू केला. २७ जानेवारी १९०१ रोजी आपल्या साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरला लक्ष्मणशास्त्री जोशी जन्मले. मध्ये एक शतक, त्याला बारा दिवस कमी.

वेल्स वाढले अमेरिकेतल्या हंट्सव्हिलला, आई आणि आजी चालवत असलेल्या लहानशा शाळेत शिकत. घरात छापील ज्ञानकोश होता. मजकूर जुना झाला की प्रकाशक नव्या माहितीच्या चिकटपट्ट्या पाठवी आणि त्या पानांवर डकवायच्या. पुढे त्यांनी तज्ज्ञांकडून तपासून घेतलेला ‘न्यूपीडिया’ काढला, तपासणीच्या सात पायऱ्या ठेवल्या, आणि पहिल्या वर्षात दोन डझन लेखही पुरे झाले नाहीत. मग दार सताड उघडले: ज्याला ठाऊक आहे त्याने लिहावे, चुकले तर दुसऱ्याने दुरुस्त करावे.

शास्त्रीबोवांची वाट नेमकी उलटी. पांझरेकाठचा हा मुलगा वाईच्या प्राज्ञपाठशाळेत गेला, तर्कतीर्थ झाला. धर्मशास्त्राचाच आधार घेऊन अस्पृश्यतेविरुद्ध उभा राहिला. मराठी विश्वकोश त्यांनी वाईतच उभारला. पहिला खंड १९७६ चा, आणि १९९४ मध्ये देह ठेवीपर्यंत प्रमुख संपादक तेच. प्रत्येक नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव, म्हणजे जबाबदारीही त्याचीच. आज ते वीसही खंड घरबसल्या वाचता येतात. वेग विकिपीडियाचा, भरवसा विश्वकोशाचा, असे आपले प्रांजळ मत आहे. सँगर यांनीही पुढे विकिपीडियाची साथ सोडून त्याच्यावर टीकाच केली.

पण आपले काय? आपण दोन्हीकडून घेतच आलो. श्रावणातल्या कानबाईचे रोट, अहिराणीतल्या ओव्या, आजीच्या तोंडी असलेली शेतीची सारी शब्दसंपदा यांची नोंद करायला निघालो, तर विकिपीडिया पहिल्याच ओळीला संदर्भ मागतो, आणि आजी हा संदर्भ चालत नाही. मागणी रास्तच आहे. असोद्याच्या बहिणाबाई तरी आपल्याला कशा मिळाल्या? त्यांना लिहिता येत नव्हते. घरच्यांनी ऐकले, वहीत उतरवले, मग १९५२ मध्ये पुस्तक झाले. बोललेले आधी कागदावर यावे लागते. शाळेचा वार्षिकांक, ग्रामदैवताच्या यात्रेची स्मरणिका, तालुक्याचे साप्ताहिक, कुठेही. तिथून कोशाची पायरी फार उंच नाही.

तेव्हा वाचकहो, पंधरवडा संपण्याआधी आपापल्या गावाचे पान उघडून पाहा. बहुतेक ते दोन-तीन ओळींचेच असेल. जमले तर एक खरी ओळ त्यात घाला, आणि तिच्याखाली संदर्भ द्यायला विसरू नका.