मुदतपूर्व बायको

गेली २२ वर्षे मी बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांना एकच उपदेश करत आलो आहे : "मुदत पुरी होऊ द्या, ठेव मोडू नका." मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला आलेल्या बापालाही मी हेच सांगतो आणि मुलीचे लग्नच मोडा असे सांगितल्यासारखा तो माझ्याकडे बघतो. पण हा उपदेश कधी काळी एका लग्नालाच करावा लागेल, असे बी.कॉम.ला असताना मला स्वप्नातही वाटले नव्हते.

त्याचे असे झाले. आमच्या ताईच्या मुलीचे, म्हणजे चिमीचे लग्न ४ डिसेंबर २०२२ रोजी झाले. जावईबापू न्यू जर्सीचे, अमेरिकेचे नागरिक. लग्न झाले, तीन आठवड्यांची रजा संपली आणि ते परत गेले. मागे राहिली चिमी आणि तिचा अर्ज. पुढे बावीस महिने त्या अर्जानेच सगळा संसार केला. शेवटी २०२४ च्या दसऱ्याच्या दोन दिवस आधी, १० ऑक्टोबरला, व्हिसाचा शिक्का बसलेला पासपोर्ट घरी आला. ताईने तो देवापुढे ठेवला. जावयांनी त्याच रात्री विमानाची तिकिटे शोधायला सुरुवात केली. आणि अस्मादिकांनी, बँकेतल्या सवयीप्रमाणे, तो कागद उलटसुलट करून बघितला.

व्हिसावर लिहिले होते 'सीआर-१'. त्यातला 'सी' म्हणजे कंडिशनल. सशर्त! तिथला कायदा असा की, अमेरिकेत पाऊल ठेवण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पुरी झाली नसतील, तर बायको दोन वर्षांपुरती सशर्त रहिवासी. झाली असतील, तर 'आयआर-१' म्हणजे सरळ कायमची, हातात दहा वर्षांचे कार्ड. माणूस तोच, नवरा तोच, मंगळसूत्र तेच. फरक फक्त विमान कोणत्या तारखेला टेकते याचा. मी बोटांवर दिवस मोजले. पंचावन्न कमी पडत होते. व्हिसा मार्चपर्यंत चालणार होता. मी चष्मा काढून जाहीर केले, "थांबायचं."

घरात जो काही कल्लोळ झाला तो मी विसरणार नाही.

आता सशर्त म्हणजे काही तुरुंग नव्हे, हे मी आधीच मान्य करतो. तशा बाईला नोकरी करता येते, प्रवास करता येतो, नागरिकत्वासाठी लागणारी वर्षेही लगेच मोजायला लागतात. मात्र दोन वर्षे भरत आली की शेवटच्या नव्वद दिवसांत नवराबायकोने मिळून आणखी एक अर्ज करायचा. २०२४ सालापासून त्याची फी ७५० डॉलर. अर्जासोबत पुरावे जोडायचे : दोघांच्या नावाचे बँक खाते, घरभाड्याचा करार, एकत्र भरलेला प्राप्तिकर, फोटो, आणि 'हे दोघे खरोखरीच नवराबायको आहेत' अशी ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रे. त्याचा निकाल लवकर लागत नाही. किती लवकर लागत नाही? तर २०२३ पासून पोचपावतीवरच जुन्या कार्डाची मुदत ४८ महिने वाढवून द्यायला त्यांनी सुरुवात केली. म्हणजे दोन वर्षांचे लग्न तपासायला चार वर्षांची सवड! आमच्या शाखेला एवढा वेळ मिळाला असता तर आम्ही चेकवरची सही हस्तरेषांसकट पडताळली असती.

आणि पुराव्यांचे म्हणाल, तर २२ वर्षांच्या अनुभवाने सांगतो : जॉइंट खाते हा प्रेमाचा पुरावा नाही. माझ्या काउंटरवर अशी कितीतरी जोडपी येतात, की पासबुकात दोघांची नावे शेजारी शेजारी असतात आणि बाकावर दोघांच्या मध्ये तिसरा माणूस बसलेला असतो.

हा कायदा आला १९८६ साली. परदेशी लोक कार्डासाठी खोटी लग्ने लावतात, अशी ओरड होती. त्या वेळच्या इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांनी आदल्या वर्षी तिथल्या संसदेच्या समितीपुढे आकडा दिला, की अशी तीस टक्के लग्ने खोटी. पुढे तो आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, हे खात्यालाच कबूल करावे लागले. आमच्याकडे ताळेबंदात चुकीचा आकडा निघाला तर तो खोडून बाजूला सही करतात. तिथे आकडा खोडला, कायदा तसाच राहिला.

लगेच अमेरिकेला नावे ठेवायला नकोत. आपल्याकडेही परदेशी सुनेला किंवा जावयाला ओसीआय कार्ड हवे असेल, तर लग्न नोंदवून सलग दोन वर्षे टिकलेले असावे लागते. दोन वर्षे हा आकडा सरकारांना का आवडतो, कोण जाणे. मला बँकेत प्रोबेशन सहा महिन्यांचे होते. माझ्या हाती तिजोरी पडायची असून सहा महिने, आणि चिमीच्या हाती पोळपाट-लाटणे पडायचे तर दोन वर्षे!

असो. घरातल्या विरोधकांकडे वळतो.

पहिले विरोधक आमच्या सोसायटीतले अण्णा, सरकारी नोकरीतून निवृत्त. ते म्हणाले, "ही कायद्याची फसवणूक आहे." अण्णा दर ३१ मार्चच्या आत धावत येऊन पीपीएफमध्ये पैसे भरतात. मी विचारले, "ती फसवणूक का?" म्हणाले, "ते करनियोजन." मग हे लग्ननियोजन! करचुकवेगिरी आणि करनियोजन यांतला फरक बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात आणि मला तो पाच गुणांना आला होता. दोन वर्षांची रेघ कायद्यानेच आखली. रेघेच्या अलीकडे उभे राहायचे की पलीकडे, हे ज्याचे पाय त्याने ठरवावे. चिमीने काही लपवले नाही, काही खोटे लिहिले नाही. ती फक्त थांबली. आपल्या देशात थांबणे हा गुन्हा धरला तर निम्मी लोकसंख्या आत जाईल.

दुसऱ्या विरोधक विहीणबाई. त्यांनी फोनवर विचारले, "आमच्या मुलावर तुमचा विश्वास नाही का?" हा प्रश्न आला आणि ताई, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती, ती बोलली. म्हणाली, "विश्वास आहे हो. म्हणूनच तर दिली. पण माझ्या मुलीला त्या देशात राहायला कुणाची सही लागू नये, एवढंच."

खरे सांगतो, तोवर मी फी वाचवण्याचा हिशेब करत होतो. मुद्दा ताईने सांगितला. तो दुसरा अर्ज दोघांच्या सहीचा असतो. नवऱ्याने सही केली नाही तर? सोय आहे. घटस्फोट झाला, छळ झाला किंवा परत पाठवल्यास कमालीचे हाल होतील, असे दाखवून बाईला एकटीने अर्ज करता येतो. छळाची सोय तर १९९० साली, कायदा झाल्यावर चार वर्षांनी, जोडली. पण ते सिद्ध तिने करायचे, परक्या मुलखात, वकील गाठून. खोटे लग्न लावणारा बेरड कागद तयार ठेवतो; अडकते ती खरे लग्न करून फसलेली. खोटा नवरा पकडायला निघालेल्या कायद्याने बायकोच्या मुक्कामाची दोरी नवऱ्याच्याच हातात दिली. आमचे जावई सोन्यासारखे आहेत. पण बँक सोन्यासारख्या माणसालाही जामीनदार मागते, आणि तो रागावत नाही. विश्वास माणसावर ठेवावा, कागद कायद्यासाठी करावा.

तिसरे विरोधक खुद्द जावई. ते भांडले नाहीत. म्हणाले, "मामा, बावीस महिने झाले." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. उत्तर चिमीने दिले. ती फोन घेऊन गॅलरीत गेली, तासाभराने आत आली आणि म्हणाली, "दिवाळी इथेच करते. पण त्यानंतर एक दिवस जास्त नाही."

ती एक दिवस जास्त राहिली. ताईचे म्हणणे, तिथीने लग्नाचा वाढदिवस आठवडाभर पुढे जातो. पंचांग वॉशिंग्टनला जात नाही हे पटवून मी तिला ५ डिसेंबर २०२४ च्या रात्रीच्या तिकिटावर आणली. चिमीच्या हातातल्या पिशवीत सगळ्यात वर लग्नाचा दाखला ठेवला. न्यूअर्कला अधिकाऱ्यापुढे तिने तो स्वतःहून दाखवला, तारखेवर बोट ठेवले. त्याने तारीख वाचली आणि 'सीआर'च्या जागी 'आयआर' केले. एका अक्षराचे काम. त्यासाठी दोन माणसांनी पंचावन्न दिवस जास्त काढले, आणि या हिशेबाची जमा बाजू मला अजून सापडलेली नाही.

त्या रात्री मी घरी विजयी मुद्रेने म्हणालो, "बाईच्या हक्काला दुसऱ्याची सही लागता कामा नये." सौ.ने कपाटातून आमच्या मुदत ठेवीची पावती काढून माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "अहो, हे 'फॉर्मर ऑर सर्व्हायवर' म्हणजे काय हो?"

म्हणजे पहिले नाव ज्याचे, तो जिवंत असेपर्यंत पैसे त्यानेच काढायचे. पहिले नाव माझे आहे. लग्नाला एकोणीस वर्षे झाली.

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच काउंटरपुढे ग्राहकाच्या बाजूला उभा राहून फॉर्म भरला. सहकाऱ्याने विचारले, "काय, ठेव मोडताय?"

म्हटले, "नाही. अट काढतोय."