उद्यापासून

पावले मोजण्याचे एक यंत्र १९६५ साली जपानात विक्रीला आले. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'दहा हजार पावलांचे माप'! तो आकडा आजतागायत लोकांच्या पायांत घोटाळतो आहे. जागतिक आरोग्य संघटनेला (२०२०) मात्र पासष्टीपुढच्यांकडूनही आठवड्याला निदान दीडशे मिनिटांचे मध्यम श्रम हवेत, शिवाय तीन दिवस तोल सावरण्याचा सराव.

अजिंठ्याच्या डोंगराखाली, सोयगावी माझी आत्या असते, वय अडुसष्ट. "व्यायाम करतेस का?" मी विचारले. "या वयात? चल, चावट!" म्हणत तिने वेचलेल्या कापसाचे गाठोडे डोक्यावरून उतरवले. प्रश्नावलीत बिचारीच्या नावापुढे शून्यच पडायचे!

आतोबा निवृत्त मास्तर. त्यांचे उत्तर तयार: "उद्यापासून फिरणार." सवयी बदलण्याच्या ज्या पायऱ्या प्रोचास्का व डिक्लेमेंटी यांनी १९८३ साली धूम्रपान सोडणाऱ्यांवरून मांडल्या, त्यांत मला मराठीच्या मास्तराला क्रियापदाचे काळच दिसतात. 'करीन' म्हणणारा निराळा, 'करतो' म्हणणारा निराळा. मापताना दोघांची गल्लत नको. आतोबांचा भविष्यकाळ तीन दिवाळ्या चालू आहे. मध्यंतरी ते न्हाणीत घसरले. थोडक्यात निभावले, पण आत्याची झोप उडाली.

"आत्ताच दूध आणा," ती म्हणाली.

"उद्यापासून—"

तिने किटली त्यांच्या हाती दिली आणि दाराला आतून कडी घातली.