सागरी नियोजनाच्या नकाशात वारशाची जागा



बंदरे, जलमार्ग, मासेमारी, वाळूउपसा, समुद्रतळाच्या केबल, पर्यटन यांपैकी कोणत्या कामासाठी पाण्याचा कोणता पट्टा वापरावा हे आधी ठरवून त्याचा नकाशा करण्याच्या पद्धतीला सागरी अवकाशीय नियोजन म्हणतात, आणि भारताने नॉर्वेच्या सहकार्याने पुदुच्चेरी व लक्षद्वीप येथे या कामाला सुरुवात केली आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी असा नकाशा आज ना उद्या होईलच. तो होताना सांस्कृतिक वारशाची नोंद इतर वापरांची वाटणी होण्यापूर्वी व्हावी, वाटणी झाल्यावर उरलेल्या पाण्यात नव्हे, एवढेच या पत्राचे प्रतिपादन आहे.

वारशाच्या रक्षणासाठी कायदे आहेतच, असा युक्तिवाद यावर केला जातो. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित आहे. जमिनीवरच्या देवळाशेजारी इमारत उभी राहू नये यासाठी ही मोजपट्टी ठीक आहे, परंतु तिचा रोख बांधकामावर असल्यामुळे तळ खरवडून गाळ काढणे, जहाजे नांगरणे किंवा जलमार्ग वळवणे यांविषयी ती फारसे बोलत नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत पुरातत्त्वीय महत्त्वाच्या जागांना सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात स्थान आहे, पण ओहोटीच्या रेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी हा निराळा वर्ग मानलेला असून तो आखताना विचार झाला आहे तो मुख्यतः प्रदूषणाचा आणि मासेमारीचा. परिणामी तटबंदीला संरक्षण मिळते आणि जिच्यामुळे तटबंदीला अर्थ आहे ती जलभूमी मोकळी राहते.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यातील बारा किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी आहेत. यांपैकी खांदेरीचे महत्त्व चिऱ्यांत शोधणाऱ्याच्या हाती थोडेच लागेल. १६७९ मध्ये या बेटावर तटबंदीचे काम चालू असताना मुंबईकर इंग्रजांनी नाकेबंदी केली, आणि समोरच्या थळ गावाच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या मराठ्यांच्या हलक्या होड्या इंग्रजांच्या जड जहाजांना चुकवून बेटावर रसद पोचवत राहिल्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात झालेल्या चकमकीत इंग्रजांचे एक गुराब जातीचे जहाजही मराठ्यांच्या हाती पडले. हा इतिहास घडला तो बेट आणि थळ यांच्यामधल्या पाण्यात, तिथल्या वाऱ्याच्या आणि भरती-ओहोटीच्या हिशेबाने. बेटावरच्या वेताळाला कोळी समाज आजही मानतो, म्हणजे हे पाणी केवळ इतिहासजमा झालेले नाही. एवढे असूनही सागरी नकाशावर या पट्ट्याची ओळख उद्या ‘नौकानयनास योग्य’ एवढीच उरू शकते.

विजयदुर्गाचे उदाहरण याहून बोलके आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह या सेनानींनी हा किल्ला घेतला त्या वेळी तुळाजी आंग्रे यांचे आरमार बंदरातच जळाले, तेव्हा वाघोटन खाडीच्या गाळात त्या जहाजांचे अवशेष असण्याची शक्यता कोणत्याही विचारी नियोजनकर्त्याने गृहीत धरायला हवी. खाडीत थोडे आत गेल्यावर खडकात कोरलेली मराठ्यांची गोदी आहे. किल्ला संरक्षित, गोदी दुर्लक्षित आणि खाडीचा तळ बेवारस, अशी ही वाटणी कोणत्या तर्कावर उभी आहे हे समजणे कठीण आहे.

बुडालेल्या जहाजांच्या बाबतीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मार्ग दाखवला आहे. मुरगाव उपसागराच्या तोंडाशी असलेल्या सुंची खडकाजवळ या संस्थेच्या अभ्यासकांना सतराव्या शतकातील एका जहाजाच्या मालातील तोफा, हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी सापडली. आफ्रिका, भारत आणि चीन यांना जोडणारा व्यापार एका खडकापाशी वाचता आला. मात्र वयाची अट लावून वारसा ठरवणेही पुरेसे नाही. ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली; अलिबाग-रेवस परिसराच्या स्मृतीत ती जागा आजही आहे, तरीही युनेस्कोच्या २००१ च्या करारातील शंभर वर्षांच्या निकषानुसार तिला २०४७ पर्यंत थांबावे लागेल. नियोजनाच्या नकाशाने तरी एवढी वाट पाहू नये.

किल्ल्यांभोवतीचे पाणी आणि बुडालेली जहाजे यांखेरीज वारशाचा तिसरा प्रकार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो सर्वांत आधी पुसला जातो. पालघर-वसईच्या समुद्रात डोलजाळे बांधण्यासाठी तळात खुंट रोवण्याच्या ठरलेल्या जागांना कव म्हणतात. कोणाची कव कुठे याची वहिवाट पिढ्यान्पिढ्या चालत आली असून तिच्यावरून गावागावांत वादही होतात, आणि वाद होतात याचाच अर्थ तिथे हक्काची एक व्यवस्था आहे. सरकारी नकाशाला मात्र ती जागा रिकामी दिसते. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या वेळी वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांनी होड्यांच्या वाटेवरील दोन खांबांतील अंतर वाढवण्याची मागणी केली आणि बराच संघर्ष झाल्यावर ६० मीटरचे अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. ती वाट आराखड्याच्या पहिल्या कागदावर असती, तर हा प्रश्न घासाघिशीचा न राहता आखणीचा राहिला असता, आणि बहुधा खर्चही वाचला असता.

विरोधी बाजूच्या दोन आक्षेपांत तथ्य आहे. बुडालेल्या जहाजांच्या जागा नकाशावर जाहीर केल्यास लुटारूंना आयते आमंत्रण मिळेल, हा पहिला. त्यावर उपाय असा की अचूक ठिकाण गुप्त ठेवून जाहीर नकाशात केवळ विस्तृत पट्टा दाखवावा. वारशाच्या नावाखाली प्रत्येक प्रकल्प अडवला जाईल, हा दुसरा; परंतु नकाशावरील नोंद म्हणजे बंदी नव्हे, तर काम सुरू होण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञ आणि स्थानिक मच्छीमार यांचे म्हणणे घेण्याचे बंधन. युरोपीय संघाने २०१४ च्या सागरी नियोजनविषयक निर्देशात पाण्याखालील वारशाचा उल्लेख नौकानयन, मत्स्यव्यवसाय आणि ऊर्जा यांच्याच पंक्तीत केला, म्हणून तिथली बंदरे बंद पडली नाहीत. आपल्याकडे तर समुद्रात नवे भव्य स्मारक उभारण्यासाठी २०१६ मध्ये जलपूजन होते आणि समुद्रात आधीपासून असलेल्या स्मारकांभोवतीच्या पाण्याची साधी यादीही होत नाही. यात पैशाची अडचण आहे असे मानणे अवघड आहे.

खरे तर कामाचा खर्चिक भाग आधीच होत असतो. कोणतेही बंदर किंवा गाळउपसा मंजूर होण्यापूर्वी समुद्रतळाची ध्वनिलहरींनी पाहणी केली जाते, आणि त्या प्रतिमांत खडक जसा दिसतो तसा जहाजाचा सांगाडाही दिसू शकतो. त्या प्रतिमा केवळ अभियंत्यांच्या दप्तरात राहतात. या प्रतिमा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आणि समुद्रविज्ञान संस्थेकडे पाठवण्याची अट राज्याच्या सागरी मंडळाने परवान्यातच घालावी, आणि कव-जागांची व होड्यांच्या वाटांची नोंद मच्छीमार सहकारी संस्थांकडून त्यांच्याच शब्दांत घ्यावी. सुरुवात वाघोटन खाडीपासून आणि खांदेरी-थळच्या पट्ट्यापासून करता येईल, कारण जागतिक वारशाच्या मान्यतेमुळे या दोन ठिकाणच्या किल्ल्यांच्या व्यवस्थापनाची जबाबदारी शासनाने आधीच स्वीकारलेली आहे.

— एक वाचक